उजवा कोपरा सोडताना

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी माझी शेवटची राष्ट्रीय हँडबॉल स्पर्धा खेळले. खेळले म्हणजे, साखळीतला तिसरा सामना साठही मिनिटं बाकावर बसून पाहिला. वय एकोणतीस. माझ्या जागेवर उतरलेली मुलगी एकोणीस वर्षांची होती, माझ्यासारखीच डावखुरी, आणि माझ्यापेक्षा चपळ. परतीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून मी मनाशी हिशेब मांडला. सोळा वर्षं, सात सीनियर नॅशनल, तीन आंतरविद्यापीठ स्पर्धा, सोळा राज्यांतली मैदानं. भारताची जर्सी कधी मिळाली नाही. हाताशी बी.ए.ची पदवी आणि घरी पत्र्याच्या पेटीत प्रमाणपत्रांचा गठ्ठा. पुढे काय करायचं, ते माहीत नव्हतं.

आता मी चौदा आणि सतरा वर्षांखालच्या मुलींना हँडबॉल शिकवते. मधल्या आठ वर्षांत कुठे कुठे अडले, किती पैसे गेले, किती वाट पाहिली, ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या जुन्या खेळाडूचा फोन येतो आणि पहिला प्रश्न प्रशिक्षकाच्या कोर्सचाच असतो, "ताई, पटियालाला जायला काय करावं लागते?"

थोडं मागचं सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी सातवीत असताना, २००१ साली, सरांनी वर्गात येऊन विचारलं होतं, "डाव्या हाताने कोण लिहितं?" दोघींनी हात वर केले. दुसरीच्या घरून परवानगी मिळाली नाही. हँडबॉलमध्ये उजव्या कोपऱ्यातून उडी घेतली की डावखुऱ्या खेळाडूला गोल जास्त उघडा मिळतो, उजव्या हाताच्या खेळाडूला तिथून कोनच सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक संघ डावखुरी मुलगी शोधत असतो. सरांनी मला त्या कोपऱ्यात उभं केलं आणि पुढची सोळा वर्षं मी तिथेच उभी होते. भंडाऱ्याच्या मुरमाड मैदानापासून दक्षिणेतल्या सिमेंटच्या कोर्टापर्यंत आणि हरियाणातल्या लाकडी फ्लोअरपर्यंत मैदानं बदलली. माझा कोपरा तोच राहिला.

खेळ सुटल्यावर वर्षभर एका खासगी शाळेत पी.टी. शिकवली. महिना सहा हजार. तिथेच कळलं की प्रशिक्षक म्हणून कुठेही उभं राहायचं तर 'एनआयएस केलं का?' हा प्रश्न टळत नाही. एनआयएस म्हणजे पटियालाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था. १९६१ साली पटियालाच्या राजघराण्याच्या मोतीबाग महालात ती सुरू झाली आणि प्रशिक्षकांचा एक वर्षाचा डिप्लोमा तिथे मिळतो. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. कुणी सांगितलं, सहा आठवड्यांचाच कर, वर्ष कशाला वाया घालवतेस? मी मोठा कोर्स निवडला. तुमची नोकरी सुरू असेल आणि ती सोडता येत नसेल, तर छोटा कोर्सही करण्यासारखा आहे. मात्र भरतीच्या जाहिरातीत नेमकी कोणती पात्रता मागितली आहे ते आधी वाचा.

एप्रिल २०१८ मध्ये अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. नाव. माझी सगळी प्रमाणपत्रं माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं. शिवाय दोन प्रमाणपत्रांवर माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं आणि एकावर जन्मसाल चुकलेलं. खेळताना कुणी प्रमाणपत्र वाचतं का? हातात पडलं की बॅगेत. त्या एका महिन्यात विवाह नोंदणीचा दाखला, शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र, नोटरी, शिवाय राजपत्रात नाव छापून आणण्याचा अर्ज, एवढं सगळं केलं. जन्मसाल दुरुस्त करून घ्यायला एका संघटनेच्या कार्यालयात चार चकरा झाल्या. ज्यांनी सही केली होती ते पदाधिकारी बदलले होते, आणि नवीन पदाधिकारी जुन्या कागदाला हात लावायला तयार नव्हते. चौथ्या खेपेला स्पर्धेची छापील प्रवेशिका एका जुन्या मैत्रिणीकडे सापडली म्हणून काम झालं. झेरॉक्स, नोटरी, एस.टी. आणि चकरा मिळून साडेतीन हजार रुपये गेले.

अजून खेळत असाल तर प्रमाणपत्र हातात पडेल त्याच दिवशी नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष आणि सही-शिक्का तपासा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, दहा वर्षांनी होत नाही. प्रवेशिका, संघाचा फोटो, वर्तमानपत्रातलं कात्रण, काहीही टाकू नका.

निवड चाचणीत फिटनेस, खेळातली कौशल्यं आणि लेखी परीक्षा अशा तीन पायऱ्या होत्या. क्रम आणि अटी बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका, त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचा. कौशल्यांची मला काळजी नव्हती. धावण्याची होती, कारण वर्षभरात सहा किलो वाढले होते. दोन महिने पहाटे नदीकाठच्या रस्त्यावर धावले. लेखी परीक्षेला हँडबॉलचं नियमांचं पुस्तक पाठ केलं आणि तेव्हा लक्षात आलं की सोळा वर्षं खेळूनही मला अर्धे नियम पंचांच्या हातवाऱ्यांवरून माहीत होते, शब्दांत माहीत नव्हते.

जूनच्या शेवटी निवड यादी लागली. पैशांची जुळवाजुळव अशी झाली: यांनी पतसंस्थेतून साठ हजारांचं कर्ज काढलं, माझी एक चेन गहाण पडली, बाकीची माझी साठवलेली शिल्लक. फी, मेस, बूट, ट्रॅकसूट, प्रवास, पुस्तकं धरून मी एक लाख चाळीस हजार बाजूला ठेवले होते आणि त्यातले आठ-नऊ हजार परत आणले. सासूबाई म्हणाल्या, "वर्षभर जाशील, पण परत येऊन करशील काय?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. निघायच्या दिवशी त्यांनीच तिळाची चटणी आणि भाजणीचं पीठ बांधून दिलं. नागपूरहून अंबाला, तिथून बस. जुलैच्या दमट उन्हात मोतीबागच्या फाटकातून आत शिरले तेव्हा बॅगेपेक्षा कागदपत्रांची फाइल मी जास्त घट्ट धरली होती.

पहिले दोन महिने कठीण गेले. पहाटे साडेपाचला मैदान, नाश्ता, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान. शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, क्रीडा मानसशास्त्र, आणि सगळे ज्याला जीटीएमटी म्हणतात तो प्रशिक्षणाच्या सिद्धान्ताचा पेपर. शिकवणं इंग्रजीत आणि हिंदीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. लॅक्टेट थ्रेशोल्ड हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वहीत देवनागरीत लिहून ठेवला आणि रात्री हरियाणाच्या रूममेटकडून समजून घेतला. तिने दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर मला चारशे-चारशे मीटर पळवून दाखवलं की पाय जड व्हायला लागतात तो क्षण कुठला. तेव्हापासून प्रत्येक नवीन शब्दापुढे मी मराठीत माझ्या खेळातलं एक उदाहरण लिहीत गेले. ती वही आजही वापरते. भाषेला घाबरून कुणी मागे राहू नये. पेपरात व्याकरण तपासायला कुणी बसलेलं नसतं, समजलं आहे की नाही ते पाहतात.

खरा धक्का मैदानावर बसला. ऑक्टोबरमध्ये आमचे शिकवण्याचे सराव सुरू झाले. जवळच्या शाळेतली वीसेक मुलं, प्रत्येकाने लेसन प्लॅन लिहून आणायचा, चाळीस मिनिटं शिकवायचं, आणि मागे उभे राहून शिक्षक टिपणं घेणार. माझा विषय जंप शॉट. आयुष्यात हजारो वेळा मारलेला. मी तीन पावलं घेतली, उजव्या पायावर उडी, हवेत खांदा मागे, डाव्या हाताने बॉल जाळ्यात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तसंच करायचा प्रयत्न केला, आणि मैदानावर गोंधळ उडाला. उजव्या हाताची मुलं माझं बघून उजव्याच पायावर उडत होती. उजव्या हाताने मारायचं तर उडी डाव्या पायावर हवी, नाहीतर कंबर वळतच नाही. एक मुलगा तोल जाऊन पडला. मी ओरडत होते, "नाही नाही, दुसरा पाय!" पण कुठला दुसरा आणि का, ते मला सांगता येईना. मी पुन्हा करून दाखवलं, आणि ती पुन्हा चुकली.

शिक्षकांनी माझ्या प्लॅनवर लाल पेनाने एकच वाक्य लिहिलं होतं, की हिला मारता येतं पण ती कसं मारते हे हिला माहीत नाही. रात्री खोलीत रडले. मग उठून गॅलरीत उजव्या हाताने, चेंडूशिवाय, पावलं मोजत सुरू केलं. डावा, उजवा, डावा, उडी. एकतीसाव्या वर्षी पहिल्यांदा मी जंप शॉट शिकत होते. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी उजव्या हाताने शंभर शॉट मारले. बॉल कुठेही जायचा. पण कोपर खाली का पडतं, मनगट कधी मोडायचं, नवशिक्या मुलीला शेवटचं पाऊल लांब का घ्यावंसं वाटतं, हे त्या वाईट शॉटनीच मला शिकवलं. पुढच्या सराव पाठात मी स्वतः मारून दाखवलंच नाही. जमिनीवर खडूने तीन पावलं आखली, डाव्या पायाला एक रंग, उजव्याला दुसरा, आणि उजव्या हाताच्या मुलीला पुढे उभं केलं.

त्याच सुमारास एक लेखी काम आलं. खेळाडूचा प्रशिक्षक झालेली एखादी व्यक्ती निवडून तिच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा. मी तालांत दुयशेबायेव निवडला. कारण साधं होतं, त्याच्याइतका फिरलेला हँडबॉलपटू मला दुसरा माहीत नव्हता. १९६८ साली सोव्हिएत किर्गिझस्तानातल्या फ्रुंझे शहरात, म्हणजे आजच्या बिश्केकमध्ये, जन्म. मॉस्कोत लष्कराच्या क्लबकडून खेळला. १९९२ला बार्सिलोनात माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाकडून ऑलिंपिक सुवर्ण, १९९३ला रशियाकडून विश्वविजेता. मग देशच बदलला. स्पेनकडून १९९६ आणि २००० मध्ये ऑलिंपिक कांस्य. क्लब पाहिले तर सांतांदेर, तिथून जर्मनीतले नेटेलश्टेट आणि मिंडेन, मग परत स्पेनमध्ये सिउदाद रेआल. २००५च्या सुमारास तिथेच खेळाडूचा प्रशिक्षक झाला आणि त्या संघाने त्याच्या हाताखाली २००६, २००८ आणि २००९ला युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. नंतर पोलंडचा किएल्त्से.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. तो सेंटर बॅक होता, म्हणजे मधोमध उभा राहून खेळ रचणारा. त्याच्या हातात बॉल आला की सहाही बचावपटू त्याच्यासमोर असायचे आणि पाचही सहकारी त्याच्या नजरेत. मला काय दिसायचं? साइडलाइन, समोरची एक डिफेंडर आणि कीपरचा जवळचा खांब. सोळा वर्षं मी एका खिडकीतून सामना पाहिला होता.

मग मी २०१६ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत मोबाइलवर काढली, किएल्त्से विरुद्ध हंगेरीचा वेस्प्रेम. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा दुयशेबायेवचा संघ १९-२८ असा नऊ गोलांनी मागे होता. साठाव्या मिनिटाला २९-२९. जादा वेळेतही बरोबरी, आणि सेव्हन मीटरच्या शॉट्सवर, म्हणजे पेनल्टीवर, ३९-३८ने विजय. त्यातली ती पंधरा मिनिटं मी अकरा वेळा पाहिली. प्रत्येक वेळी एकाच जागेवरच्या खेळाडूकडे बघायचं असं ठरवलं होतं. एकदा फक्त पिव्होट, म्हणजे गोलपुढे बचावपटूंच्या मधे उभा राहणारा, एकदा फक्त डावा बॅक, एकदा फक्त कीपर. उजव्या विंगकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. नव्याने शिकवायला लागणाऱ्यांना मी हा उपाय आवर्जून सांगते: स्वतःची जागा सोडून इतर सहा जागा पाहा, आणि वही-पेन घेऊन पाहा.

डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं असायचं की नऊ मीटरच्या तुटक रेषेवरून गोलचे खांब अंधूक दिसायचे. दवाने बॉल ओला, बोटं सुन्न. आपल्याकडच्या थंडीच्या हिशेबाने एक स्वेटर नेला होता, दुसरा आणि लोकरी मोजे तिथे बाजारात घेतले. जाणाऱ्यांनी थंडीचे कपडे घरूनच न्यावेत, बाराशे रुपये वाचतील.

मे २०१९ मध्ये लेखी, प्रात्यक्षिक आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाले. व्हायवाला विचारलं, "चौदा वर्षांखालच्या मुलींना कुठल्या मापाचा बॉल?" मी माप आणि वजन दोन्ही सांगितलं. पहिल्या वर्गाच्या थोडं खाली गुण मिळाले. मला ते पुरेसे होते.

परत आले आणि वाट पाहणं सुरू झालं. सप्टेंबर २०१९ला एका शाळेने अकरा महिन्यांच्या करारावर घेतलं, मानधन महिना बारा हजार. मार्च २०२०ला शाळा बंद झाल्या आणि करार वाढला नाही. दोन वर्षं घरी शिकवण्या घेतल्या. खेलो इंडियाची छोटी केंद्रं जुन्या खेळाडूंना मिळतात असं कळल्यावर मोठ्या आशेने माहिती काढली, पण त्या केंद्रांसाठी निवडलेल्या चौदा खेळांत हँडबॉल नव्हता. वाईट वाटलं. हा खेळ शिकवायला मुळात माणसं थोडी, आणि आहेत त्यांना टिकून राहायला आधार नाही, ही खंत मला आजही आहे.

याच काळात सरकारी भरतीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी क्रीडा प्रमाणपत्र पडताळणीचा अर्ज टाकला. ऑगस्ट २०२१ला कागद दिले, अहवाल हातात आला एप्रिल २०२२मध्ये. आठ महिने. मधे दोनदा त्रुटीपत्र आलं, एकदा तर २०१८ साली केलेला तोच नावबदलाचा कागद पुन्हा मागितला. अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि भेटलेल्या दिवसाची तारीख एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लावा. फोनवर 'बघतो' ऐकायला मिळतं. आवक क्रमांक सांगितला की फाइल शोधली जाते. त्या अहवालावर अजून मला कायमची नोकरी मिळालेली नाही. दोन भरत्यांत कागद तपासणीपर्यंत पोचले. अर्ज करत राहणार आहे.

ऑगस्ट २०२२ला दुसऱ्या एका शाळेने मैदान आणि पंधरा हजार मानधन दिलं. पहिल्या दिवशी अठ्ठावीस मुली. मैदानावर गवत, एक गोल वाकलेला. फक्की, दोरी आणि दोन खिळे घेऊन मी आणि चार मुलींनी गोलपुढची सहा मीटरची रेषा आखली. ती पूर्ण अर्धवर्तुळ नसते, हे बऱ्याच शाळांना माहीत नसतं. दोन्ही खांबांपासून सहा मीटर दोरीने पाव-पाव वर्तुळ काढायचं, आणि मधे गोलच्या रुंदीएवढी तीन मीटरची सरळ रेष जोडायची. एका मुलीने खांबाशी दोरी धरली होती, दुसरी वाकून फक्की सोडत चालली होती. तिच्या मागे पांढरी रेष उमटत गेली आणि बाकीच्या सगळ्या एकदम गप्प झाल्या.

शाळेच्या कपाटात बॉल होते नऊ, सगळे तीन नंबरचे. म्हणजे पुरुषांचे, ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचे. बारा वर्षांच्या मुलीच्या हातात तो मावतच नाही, मग ती दोन्ही हातांनी ढकलते किंवा खांदा दुखवून घेते. तिच्यासाठी एक नंबरचा हवा, ५० ते ५२ सेंटिमीटर आणि ३०० ग्रॅमच्या आसपास. चौदाच्या वरच्या मुलींना दोन नंबर. मुख्याध्यापकांना दोन्ही बॉल हातात धरायला दिले आणि एका लहान मुलीला बोलावून तिच्या हातात दिले. सहा नवीन बॉल महिनाभरात मंजूर झाले. अर्ज लेखी दिला होता, दुकानांची तीन दरपत्रकं जोडून. ती जोडली नसती तर अर्ज परत आला असता.

त्याच वर्षी नियमही बदलला होता. गोलचा प्रयत्न न करता संघ नुसता बॉल फिरवत राहिला म्हणून पंचांनी निष्क्रिय खेळाची खूण केल्यावर पूर्वी सहा पास मिळायचे, आता चार. मला सहाची सवय. मुलींना सवय नव्हतीच, त्यामुळे त्यांना चारच माहीत आहेत. जून २०२३ला जयपूरची प्रीमियर हँडबॉल लीग आम्ही शाळेच्या टीव्हीवर पाहिली. महाराष्ट्र आयर्नमेनने पहिलंच विजेतेपद घेतलं तेव्हा मुली बाकांवर उभ्या होत्या. पुरुषांची लीग असली तरी त्यांना आपला खेळ टीव्हीवर पहिल्यांदाच दिसला होता.

नोव्हेंबर २०२४, विभागीय शालेय स्पर्धा, सतरा वर्षांखालील मुली, उपान्त्य सामना. आठ मिनिटं बाकी, आम्ही तीन गोलांनी मागे. माझ्या हातात टाइम-आउटचं हिरवं कार्ड. खेळाडू असताना त्या एका मिनिटात सर पाच-सहा गोष्टी भरभर सांगायचे आणि मला त्यातली शेवटची तेवढी ऐकू यायची. मी कार्ड टेबलावर ठेवलं, मुली घाम पुसत गोळा झाल्या. मी काही बोलायच्या आत आमची उजव्या कोपऱ्यातली मुलगी, उजव्या हाताचीच, डावखुरी मला अजून सापडलेली नाही, म्हणाली, "ताई, त्यांची मधली पुढे येऊन राहिली न, तिच्या मागे पूर्ण रिकामं आहे."

कोपऱ्यातून तिला मधलं दिसलं होतं. मी पिव्होटच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच विचारलं, "ऐकलं?" शिट्टी वाजली.

त्या जागेतून दोन गोल झाले. त्यांनीही एक केला. आम्ही दोन गोलांनी हरलो. बसमध्ये मुली अर्धा तास रडल्या आणि मग डबे उघडले. मी मागच्या सीटवर बसून प्रवासखर्चाची पावती, खेळाडूंच्या सह्या आणि स्पर्धेचं उपस्थिती पत्र एका पाकिटात घातलं, आठवड्याच्या आत शाळेत जमा करायचं होतं. मग सगळ्या जणींची प्रमाणपत्रं मांडीवर घेतली आणि एकेकीला हाक मारून तिचं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख मोठ्याने वाचून घेतली. दोघींची चुकली होती. बस अजून स्टेडियमच्या आवारातच होती. ड्रायव्हरला पाच मिनिटं थांबायला सांगून आम्ही तिघी परत आत गेलो.